वेताळ पुन्हा झाडावर

उज्जैनच्या माणसाला ‘क्रमशः’ म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या गावच्या राजाने खांद्यावर प्रेत घेऊन मसणवटीतून पंचवीस खेपा घातल्या आणि शेवटची खेप सोडून दर खेपेला तोंड उघडले म्हणून पुन्हा झाडापाशी जाऊन उभा राहिला. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली की आजी वेताळ पंचविशी काढी. रोज एकच गोष्ट. वेताळाचा प्रश्न आला की ती पदराने वारा घेत थांबे.

“आजी, मग? राजा काय म्हणाला?”

“बोलला. आणि बोलला म्हणूनच वेताळ उडाला.”

“मग?”

“मग काय, पुन्हा झाडावर. झोपा आता.”

खरे सांगायचे तर ‘कथासरित्सागर’ उघडला की या गोष्टींचा राजा आमचा निघत नाही. तो त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा. पैठणकरांनी दावा ठोकला तर कागदपत्र त्यांच्या बाजूचे आहे. पण लोककथेच्या कचेरीत हा खटला शेकडो वर्षांपूर्वीच आमच्या बाजूने निकाली निघाला, आणि वेताळ क्षिप्रेकाठी कायमचा राहायला आला. शिवाय रुद्रसागरात विक्रमाचा टीला आहे. तिथे सिंहासन बत्तिशीचा तोच प्रकार. भोजराजा पायरीवर पाऊल ठेवतो, पुतळी म्हणते थांब, आधी गोष्ट ऐक. बत्तीस पुतळ्या, बत्तीस वेळा थांबणे.

हे सगळे एवढ्यासाठी आठवले की मला एका सिनेमा कंपनीची वाटचाल लिहायची आहे, आणि ती कंपनी उज्जैनची नाही, मुंबईच्या परळची आहे. वाडिया मूव्हीटोन. टेलिव्हिजन यायच्या आधीच्या काळात गावोगावच्या पिटातल्या प्रेक्षकाला ‘मग?’ असे विचारायला लावणे हा तिचा मुख्य धंदा होता. त्या धंद्याचे भांडवल पारशी होते, कृती अमेरिकन होती आणि गिऱ्हाईक आमच्यासारखे. गिऱ्हाइकाला वेताळाची सवय आधीपासूनच होती, हे कंपनीच्या नफ्याच्या हिशेबात कुठे मांडलेले दिसत नाही, पण ते मांडायला हवे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘सीरियल’ नावाचा माल अमेरिकेतून मुंबई-कलकत्त्याच्या बंदरात उतरू लागला. पाथे आणि युनिव्हर्सल या त्यातल्या मोठ्या पेढ्या. 1914 सालच्या ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’चे वीस भाग होते, 1915 च्या ‘ब्रोकन कॉइन’चे बावीस. पर्ल व्हाइट ही बाई आणि एडी पोलो हा गडी, ही नावे त्या वेळी इथल्या पोरांच्या तोंडी होती. एक भाग साधारण दोन रिळांचा. हजार फुटी रीळ मूकपटाच्या चालीने चालवले की पाव तास पुरे, म्हणजे एका भागाला अर्धा तास. भागाच्या शेवटी पर्ल व्हाइट कड्याच्या टोकाला लोंबकळत असायची, नाहीतर पाण्याने भरत चाललेल्या तळघरात कोंडलेली असायची. अमेरिकेत लोक आठवडाभर थांबत. आपल्याकडे थिएटरवाल्यांनी एका खेळाला अनेक भाग जोडून दाखवायची रीत पाडली, कारण पैसे मोजून अर्ध्या तासात घरी जाणे इथल्या माणसाला परवडत नव्हते. त्यामुळे पॉलिन एकाच बैठकीत तीन-चारदा मरता मरता वाचे.

नक्कल करायला आपण वेळ लावला नाही. श्रीनाथ पाटणकरांनी 1918 साली ‘राम वनवास’ चार भागांत काढला. हिंदुस्थानी सीरियलची सुरुवात तिथून धरतात. निवडलेला विषय पाहा. ज्या कथेचा शेवट घराघरांत पाठ आहे तिचेसुद्धा लोक पुढचा भाग पाहायला येतील, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो पुढे सत्तर वर्षांनी एका रविवार सकाळच्या मालिकेने दामदुपटीने खरा केला.

मुंबईच्या थिएटरांतून या सीरियल अधाशासारख्या पाहणाऱ्या पोरांत जमशेद बोमन होमी वाडिया, म्हणजेच जेबीएच, हा एक होता. जन्म 1901 चा. घराणे जहाजबांधणीचे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांनी व त्यांच्या वंशजांनी सागवानाची अशी जहाजे बांधली की 1817 चे ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. अशा घरातला मुलगा इंग्रजी साहित्यात एम.ए. झाला, वकिली शिकला आणि सगळे सोडून सिनेमात शिरला. पारशी समाजात त्या काळी ही काही आनंदाची बातमी नव्हती. 1928 साली त्याने ‘वसंतलीला’ काढला. दहा वर्षांनी लहान भाऊ होमीही शाळा-कॉलेजात फार रमला नाही. जेबीएच लिहायचा, बोलायचा, भागीदार जमवायचा. होमी कॅमेऱ्यामागे उभा राहायचा. डग्लस फेअरबँक्सचा ‘मार्क ऑफ झोरो’ दोघांनी पचवला आणि 1931 साली ‘दिलेर डाकू’ निघाला. 1932 साली आगगाडीवरचा ‘तुफान मेल’. तो मूकपट होता, म्हणजे गाडी जोरात धावायची पण आवाज पेटी-तबलावाल्याने काढायचा. आमच्याकडे उज्जैनहून आगरला शिंदे सरकारची छोटी गाडी जात असे. ‘तुफान मेल’ पाहून त्या गाडीत चढलेल्या माणसाची कीव येते.

1933 साली वाडिया मूव्हीटोन अशी पाटी लागली. जागा परळच्या लवजी कॅसलची, घराण्याची जुनी वास्तू. पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’, पारशी रंगभूमीच्या थाटाचा. त्यात गाणारा एक कोवळा मुलगा होता, फिरोज दस्तूर. हाच पुढे सवाई गंधर्वांचा शिष्य, किराणा घराण्याचे पंडित फिरोज दस्तूर. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मंडपात बसून ज्यांनी त्यांना ऐकले, त्यातल्या कितींना ठाऊक असेल की या सुराची पहिली हजेरी चाबूक-तलवारीच्या कंपनीत लागली होती!

आता चाबकाकडे येऊ. 1934 मध्ये मेरी इव्हान्स नावाची एक गोरी, घाऱ्या डोळ्यांची, भक्कम बाई जेबीएचला भेटायला आली. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, 1908 चा. बाप ब्रिटिश फौजेत, तो महायुद्धात गेला. मुलगी मुंबईत आणि पुढे पेशावरकडे वाढली, घोड्यावर बसायला शिकली. दुकानात विक्रेती झाली, नाचाच्या तांड्यात गेली, सर्कशीतही राहून आली. कोणा ज्योतिष्याच्या सल्ल्याने तिने नाडिया हे नाव घेतले होते. जेबीएचने सुचवले, नाव नंदादेवी ठेवू, काळ्या केसांचा टोप घालू, दोन वेण्या सोडू. बाईंनी साफ नकार दिला. मी गोरी आहे, वेण्यांत खुळी दिसेन, असा त्यांचा मुद्दा होता. मला वाटते वाडिया मूव्हीटोनच्या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात फायद्याचा नकार.

आधी दोन चित्रपटांत लहान कामे देऊन भावांनी चाचपणी केली. मग 1935 साली ‘हंटरवाली’. राजकन्या माधुरीच्या बापाला दुष्ट मंत्री कैद करतो, आणि ती तोंडावर बुरखा, पायात बूट, हातात चाबूक अशी बाहेर पडून श्रीमंतांना लुटते व गरिबांना वाटते. कथानक संपले. बाकी सगळा दंगा. चित्र तयार झाले तेव्हा वितरकांनी हात वर केले. गोरी बाई, अर्ध्या तुमानीत, पुरुषांना धरून आपटते, हे कोण पाहील? शेवटी भावांनी आणि जवळच्या लोकांनीच पैसा उभा करून ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात चित्र लावले. ते पंचवीस आठवडे हलले नाही. बाजारात नाडियाच्या नावाचे पट्टे आले, चाबूक आले, काडेपेट्या आल्या. कंपनीला त्यातला छदाम मिळाला नसावा. तसा करार करायचे तेव्हा कोणाला सुचत नव्हते.

नाडिया कसरती स्वतः करायची. घोडा, झुंबर, गाडीचे टप, जे असेल त्यावर. पण तिचा हुकमी प्रवेश म्हणजे बलदंड माणूस उचलून खांद्यावर आडवा टाकणे आणि तसेच चालत सुटणे. त्या प्रवेशाचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमचा विक्रमच आठवला. ओझे तेच, खांदा बाईचा.

तिच्याबरोबरची मंडळी ठरलेली. बोमन श्रॉफ, शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकून आलेला जॉन कावस, सयानी आतिश, विनोदाला कोणीतरी एक, आणि श्रेयनामावलीत मानाने येणारी जनावरे व वाहने. घोड्याचे नाव ‘पंजाब का बेटा’, मोटारीचे ‘रोल्स रॉयस की बेटी’. ती मोटार रोल्स रॉयस नव्हती हे सांगायला नकोच. स्टुडिओ महिन्याच्या पगारावर चाले. नटापासून सुतारापर्यंत सगळे त्या कंपनीचे नोकर. एक चित्र संपले की तोच संच दुसऱ्यात जुंपायचा. ‘मिस फ्रंटियर मेल’ 1936, ‘लुटारू ललना’ 1938, ‘पंजाब मेल’ 1939, ‘डायमंड क्वीन’ 1940, ‘बंबईवाली’ 1941. नाव वेगळे, गाव वेगळे, संकट वेगळे, पण प्रेक्षकाच्या मनात ती एकच बाई एका भागातून दुसऱ्या भागात चालली होती. अमेरिकन सीरियलचे भाग कंपनीने वर्षावर्षाने सोडले, एवढाच फरक.

‘डायमंड क्वीन’मध्ये नाडिया मारामारीच्या मध्येच बायकांनी शिकले पाहिजे यावर चार शब्द सुनावते. हा जेबीएच. तो पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गोटातला झाला, आणि त्याला चाबकाच्या चित्रांतही काही सांगायचे असे. कंपनीने 1938 च्या हरिपुरा काँग्रेसचे चित्रणही केले. 1937 साली त्याने ‘नौजवान’ काढला, त्यात एकही गाणे नव्हते. गाणे नसलेला हिंदी बोलपट! प्रेक्षकांनी पैसे परत मागू नयेत म्हणून गाणी का नाहीत ते आधीच समजावून सांगावे लागले. असा प्रामाणिकपणा सिनेमाच्या धंद्यात क्वचित दिसतो, आणि तो फळालाही क्वचित येतो.

ही चित्रे आमच्यापर्यंत यायची वाट ठरलेली होती. वितरणाच्या नकाशात देश ‘टेरिटरी’त कापलेला. सी.पी.-बेरारचा कारभार भुसावळ-अमरावतीकडून, सेंट्रल इंडियाचा इंदूरहून. मुंबईत वर्ष काढून झालेली, सांधे मारलेली, पावसाच्या रेघा पडलेली प्रिंट पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेने उज्जैनला उतरे. टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या पाट्या, आत ढोलवाला आणि पत्रके उधळणारा पोरगा. टांगा देवास गेटहून निघे आणि छत्री चौक, पटनी बाजार करत फिरे. मागे आम्हा पोरांची रांग. पत्रकाचा कागद पतंगाला चालत नसे, फार जाड, पण वहीला पुठ्ठा घालायला उत्तम.

आणि गिऱ्हाईक होते. उज्जैन नुसते महाकाळाचे गाव नव्हते, गिरण्यांचेही होते. बिनोद मिल, हीरा मिल, नजरअली मिल. भोंग्यावर चालणारी हजारो माणसे. स्टंटपटाला मुंबईत गिरणगावाने जसे उचलून धरले तसेच अशा गावांनी. सरदार-दरकदारांच्या, वकील-मास्तरांच्या मराठी घरांत मात्र ‘प्रभात’ची चित्रे चालत. तुकाराम पाहायला आजीसकट सगळे घर टांग्यात बसून जाई. ‘हंटरवाली’ला जायचे तर खोटे बोलून जायचे. आमचे एक काका सांगत, ते आयुष्यात तीन वेळा ‘तुकाराम’ला गेले आणि त्यातला एकच वेळा तुकाराम होता.

कंपनीच्या वाटचालीत पुढे फाटा फुटतो. जेबीएचला मोठे, गंभीर काही करायचे होते. 1941 साली त्याने साधना बोसला घेऊन ‘राजनर्तकी’ काढला, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. इंग्रजी रूपाचे नाव ‘कोर्ट डान्सर’. पैसा पाण्यासारखा गेला. होमीचे म्हणणे, आपला प्रेक्षक नाडियाला पाहायला येतो, त्याला दुसरीकडे नेऊ नका. भांडण मोठे झाले नाही, पण 1942 साली होमीने बसंत पिक्चर्स ही वेगळी चूल मांडली आणि नाडिया तिकडे गेली. त्याच वर्षी लवजी कॅसलमधला स्टुडिओ विकला गेला. घेणारे व्ही. शांताराम. ‘प्रभात’ सोडून ते मुंबईत आले होते. वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांतून ‘राजकमल कलामंदिर’ हे नाव जुळवून त्यांनी पाटी बदलली.

शांतारामांनाही पडद्यामागचा अंधार पोरवयापासून माहीत होता. हुबळीच्या डेक्कन सिनेमात त्यांनी उमेदवारी केली होती, तिथे लागेल ते चित्र रोज फुकट पाहिले होते. पण परळच्या त्या आवारात त्यांनी पहिले चित्र केले ते कोणते? ‘शकुंतला’, 1943. जिथे काल नाडियाने चाबूक ओढला तिथे आज कण्वाचा आश्रम उभा राहिला. जयश्रीबाई शकुंतला, चंद्रमोहन दुष्यंत. मुंबईच्या स्वस्तिकमध्ये ते चित्र 104 आठवडे चालले. कालिदास आमच्या गावचा असे आम्ही समजतो, त्यामुळे मला याची उगीचच मौज वाटते, की पडद्यावर कालिदासाला एवढी मोठी गर्दी मिळाली ती वाडियांच्या जुन्या आखाड्यात. पुढे ‘डॉ. कोटणीस’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’ ही त्याच कंपनीची. त्यांची यादी मराठी वाचकाला मी देण्याची गरज नाही.

त्याच दोन-तीन वर्षांत उज्जैनची पडद्यावर एकदम चलती होती. वनमाला पवार याच गावात 1915 साली जन्मलेली, शिंदे सरकारातल्या अंमलदाराची मुलगी. 1941 साली ती सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये झळकली, आणि 1942 साली गजानन जागीरदारांच्या ‘वसंतसेना’त नायिका झाली. ‘मृच्छकटिक’ उज्जयिनीत घडते. म्हणजे उज्जैनच्या मुलीने उज्जैनच्या गणिकेचे काम केले! तेव्हाच्या आमच्या मराठी आळीत या बातमीने कोणत्या घरात अभिमान आणि कोणत्या घरात दारे बंद झाली असतील, याची कल्पना मी करू शकतो. पुढे अकरा वर्षांनी हीच वनमाला ‘श्यामची आई’ झाली, चित्राला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि सगळी दारे आपोआप उघडली. विक्रम संवताला 2000 वर्षे झाली म्हणून 1943-44 मध्ये उत्सव झाले. त्या हवेत प्रकाश पिक्चर्सने पृथ्वीराज कपूरना घेऊन ‘विक्रमादित्य’ केला, तो 1945 मध्ये आला. नवरत्नांचा दरबार, धीरगंभीर संवाद. मी तो पुष्कळ उशिरा पाहिला. वेताळ असता तर बरे झाले असते.

होमीची बसंत पिक्चर्स पहिल्या चित्राला आपटली. मग त्याने शहाणपण केले आणि 1943 मध्येच ‘हंटरवाली की बेटी’ काढला. पुढचा भाग! आठ वर्षे थांबलेले लोक धावत आले. 1947 च्या सुमारास चेंबूरला बसंत स्टुडिओ उभा राहिला. नाडियाचे वय होत चालले तसे होमीने बगदादचा रस्ता धरला. ‘अलादीन और जादुई चिराग’ 1952, ‘अलीबाबा और चालीस चोर’ 1954, ‘हातिमताई’ 1956. मधूनमधून देवादिक. ‘हनुमान पाताल विजय’मध्ये मीनाकुमारी होती. चमत्कार करायला बाबूभाई मिस्त्री. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू उडवून दाखवायच्या करामतीमुळे त्यांना ‘काला धागा’च म्हणत. आणि जंगलातला झिंबो. 1958 मध्ये तो आला, 1960 मध्ये शहरात गेला, 1966 मध्ये त्याला मुलगा सापडला, तीन वेगवेगळ्या चित्रांत. सीरियलचे बी काही मरत नव्हते.

‘हातिमताई’ मी पाहिला तो मूळ प्रदर्शनाच्या पुष्कळ नंतर, सकाळच्या सवलतीच्या खेळाला. त्याची घडण पुन्हा तीच, फक्त प्रश्न वेताळाऐवजी परीच्या सुटकेसाठी, आणि पंचविसाऐवजी सात. त्या दिवशी गावातल्या दोन टॉकीजमध्ये मिळून प्रिंट एकच होती. ही सर्रास चालणारी गोष्ट. एका टॉकीजचा खेळ अर्धा तास आधी सुरू करायचा, तिथले रीळ उतरले की सायकलवाल्याने ते दुसरीकडे पोचवायचे, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक अंधारात बसून एकाच सायकलीवर विसंबून राहायचे. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका चमकला की रीळ बदलणार हे आम्हा पोरांना कळे. ठिपका दिसला की सगळा पिट एकसाथ ‘गेलं!’ म्हणून ओरडे. ऑपरेटर दुसऱ्या यंत्रातल्या कार्बनच्या कांड्या पेटवून तयार असला तर उडी बेमालूम जमे. त्या दिवशी ठिपका चमकला, हातिम एका राक्षसापुढे उभा होता, आणि पडदा पांढरा झाला.

सायकल पंक्चर झाली होती. हे नंतर कळले. तेव्हा फक्त शिट्ट्या, बाकड्यांचा खडखडाट आणि दिवे. मॅनेजरने ‘शांतता राखा’ची काच लावली, मग साबणाच्या जाहिरातीची, मग पुन्हा शांततेची. डोअरकीपर दारात काठी आडवी धरून, कोणी निघून गेला तर पैसे परत मिळणार नाहीत असे सांगत होता. माझ्या शेजारी गिरणीतून रात्रपाळी करून आलेला एक माणूस होता. त्याने डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर घेतला आणि सरळ झोपला. पंचवीस-तीस मिनिटांनी रीळ आले, पण वेगळेच. जे यायचे होते त्याच्या पुढचे. हातिम आता राक्षसापासून दूर, दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे होता. पिटाने आधी शिव्या घातल्या आणि मग, आश्चर्य म्हणजे, ते मान्य केले. कोणीतरी म्हणाले, “सुटला असणार, नाहीतर इथे कसा आला?” शेजारचा माणूस जागा झाला, त्याने विचारले, “किती झाले?” मी म्हटले, चार. “मग ठीक,” म्हणाला आणि बिडी पेटवली. ते हरवलेले रीळ मी आजतागायत पाहिलेले नाही.

वाडिया मूव्हीटोनचे नाव जेबीएचने ‘मेला’ आणि ‘बालम’ या 1948-49 च्या चित्रांपर्यंत चालवले. ‘मेला’ तर दिलीपकुमार-नर्गिसमुळे आणि नौशादच्या चालींमुळे गाजला, त्याला कोणी वाडियांचे चित्र म्हणून ओळखतही नाही. होमी आणि नाडिया यांचे लग्न 1961 साली झाले, पंचवीस वर्षे बरोबर काम केल्यावर. होमीच्या आईला हे स्थळ पसंत नव्हते आणि आई असेपर्यंत त्याने तिचा शब्द मोडला नाही. जी बाई पडद्यावर राजवाडे फोडायची ती घराच्या उंबऱ्याबाहेर एवढी थांबली. 1968 चा ‘खिलाडी’ हे तिचे शेवटचे चित्र, वय साठ. बसंत स्टुडिओ 1981 मध्ये बंद झाला. जेबीएच 1986 मध्ये गेला. त्याचा नातू रियाद याने 1993 साली नाडियावर माहितीपट केला, तेव्हा कुठे नव्या पिढीने तिचे नाव ऐकले. 1996 च्या जानेवारीत ती गेली, 2004 मध्ये होमी.

आमच्याकडे टेलिव्हिजन ऐंशीच्या दशकात आला. गच्चीवर, जिथे आजीची अंथरुणे पडत, तिथे ॲन्टेना उभा राहिला, आणि काव्यात न्याय असतो म्हणतात तसे 1985 साली रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ सुरू झाली. अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. सिनेमाच्या पडद्याने ज्याला कधी नीट जागा दिली नाही तो वेताळ रविवारी घरात आला, आठवड्याला एक प्रश्न घेऊन. गल्लीत सेट दोनच. पहिल्या पंगतीला पोरे, मागे बायका, दारात पुरुष. आईला वेताळाची दाढी पटली नाही. ती म्हणाली, लोंबकळणाऱ्याची दाढी खाली कशी राहील?

सोमवारी शाळा सुटल्यावर गल्लीत खेळ सुरू झाला. एकाने दुसऱ्याला पाठुंगळी घ्यायचे, कडुनिंबापासून निघायचे, हनुमानाच्या ओट्यापर्यंत जायचे. वरच्याने कसलाही प्रश्न विचारायचा. दोन अधिक दोन किती, तुझ्या बहिणीचे नाव काय. खालचा बोलला की वरचा उडी मारून झाडाकडे पळणार. माझा मुलगा विक्रम झाला होता. त्याच्या पाठीवर तेल्याचा जाडा मुलगा. चार पावलांवर त्याचे गुडघे वाकले, तरी तो दात-ओठ खाऊन गप्प चालत राहिला. वेताळाचे प्रश्न संपले. मग वेताळच म्हणाला, “बोल ना रे, मला उतरायचंय.”